ले-ऑफच्या दिवसांतील नेमबाजी: काडतुसे भरण्याची हौस आणि रिकाम्या रायफलीचा सराव

कोल्हापूरजवळच्या शिरोली औद्योगिक वसाहतीतील एका फौंड्रीच्या मशीन शॉपमध्ये काम करणाऱ्या तरुणाने विचारलेल्या प्रश्नाचे हे उत्तर आहे. ऑर्डरी कमी झाल्यामुळे कंपनीने त्यांच्या खात्यातील कामगारांना ले-ऑफ दिला आहे. सकाळी जाऊन हजेरीची सही करायची, निम्म्या पगारावर भागवायचे आणि बोलावणे येईपर्यंत घरी थांबायचे, अशी त्यांची सध्याची स्थिती आहे. महाविद्यालयात असताना एन.सी.सी.मध्ये त्यांनी पॉइंट टू-टू (०.२२ इंच नळीची) रायफल चालवली होती आणि घरी एक साधी, नळी मोडून ताणायची स्प्रिंगची एअर रायफल आहे. परदेशात सक्तीच्या रजेवर असलेले लोक घरच्या घरी काडतुसे भरतात आणि रेंजवर जाऊन ती चालवून पाहतात, असे त्यांच्या वाचनात आले. तसे काही कोल्हापुरात करता येईल का आणि घरच्या रायफलीचा या दिवसांत काही उपयोग होईल का, हे त्यांचे दोन प्रश्न आहेत.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर नकारार्थी आहे आणि ते मी कोणताही आडपडदा न ठेवता देतो. शस्त्र अधिनियम, १९५९ नुसार दारूगोळा तयार करण्यासाठी परवाना लागतो. काडतुसाचे सुटे भाग आणि ते बनवण्याची यंत्रेदेखील या कायद्याच्या कक्षेत येतात. मशीन शॉपमध्ये लेथ हाताशी आहे, हात सरावलेला आहे, तेव्हा काडतुसासाठी एखादी डाय (साचा) करून पाहू, असा विचार कुशल कामगाराच्या मनात सहज येऊ शकतो. पण तो तिथेच थांबवावा. यात हौस आणि गुन्हा यांच्यामध्ये फारसे अंतर नाही. शिवाय बंदिस्त खोलीत स्फोटक पावडर आणि प्रायमर (पिन आदळताच पेट घेऊन पावडर पेटवणारी छोटी टोपी) हाताळणे हे घरातल्या लेकराबाळांना धोक्यात घालणारे काम आहे.

मात्र या नकारामुळे आपले खेळातले काही नुकसान होते, असे समजू नये. ज्या देशांत परवानगी आहे तिथे एकदा उडालेल्या काडतुसाचे पितळी कवच स्वच्छ करून पुन्हा मापात आणतात, बुडाशी नवा प्रायमर बसवतात, पावडर तोलून घालतात आणि वर गोळी बसवतात. खर्च वाचवणे आणि आपल्या बंदुकीला मानवेल असे काडतूस तयार करणे, हे त्यामागचे दोन हेतू असतात. पण ही सगळी खटपट मोठ्या काडतुसांच्या बाबतीत होते. आपण एन.सी.सी.मध्ये वापरलेल्या पॉइंट टू-टू काडतुसाला मध्यभागी वेगळा प्रायमर नसतो. पेट घेणारे मिश्रण कवचाच्या काठाच्या पोकळीत भरलेले असते आणि रायफलीची पिन त्या काठावर आदळते. एकदा ठेचलेला काठ पुन्हा भरून वापरता येत नाही. म्हणजे ऑलिंपिकमधील रायफल आणि पिस्तूल प्रकारांत एकतर हे पुन्हा न भरता येणारे काडतूस असते, नाहीतर हवेवर चालणारा ४.५ मिमीचा छर्रा, ज्यात दारूच नसते.

आपल्या जिल्ह्याचेच पाहा. तेजस्विनी सावंत यांनी २०१० मध्ये म्युनिक येथे ५० मीटर प्रोन (पालथे पडून नेम धरण्याच्या) प्रकारात जागतिक विजेतेपद मिळवले, राही सरनोबत यांनी २०१८ च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्णपदक जिंकले आणि राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिसमध्ये ५० मीटर थ्री पोझिशनचे (गुडघ्यावर, पालथे आणि उभे राहून नेमबाजीचे) कांस्यपदक ४५१.४ गुणांवर मिळवले. ही तिन्ही पदके पॉइंट टू-टूच्या कारखान्यात तयार झालेल्या काडतुसांवर आली आहेत. त्यांत हाताने भरलेले एकही काडतूस नव्हते, आणि असण्याची शक्यताही नव्हती.

काडतुसे भरणाऱ्यांना त्या कामात आनंद मिळतो तो मोजमापाचा, निवडीचा आणि नोंदीचा, हे मी समजू शकतो. मायक्रोमीटरशी रोजचा संबंध असलेल्या माणसाला त्याची ओढ वाटणे स्वाभाविक आहे. तो आनंद एअर रायफलीच्या छर्‍यांतही आहे. पाचशे छर्‍यांच्या डबीवर डोक्याचे माप ४.४९ किंवा ४.५० असे छापलेले असते, बॅचचा क्रमांक असतो, आणि प्रत्येक नळीला एखादी बॅच इतरांपेक्षा अधिक मानवते. छर्रे काचेवर हलकेच लोळवून पाहिले की ज्यांचा मागचा घेर चेपला आहे ते वेडेवाकडे फिरतात. ते बाजूला काढावेत. रायफल वाळूच्या पिशव्यांवर भक्कम टेकवून दोन-तीन बॅचचे पाच-पाच छर्रे एकाच ठिकाणी मारावेत आणि पडलेल्या छिद्राची बाहेरच्या कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंतची रुंदी व्हर्नियरने मोजावी. त्यातून ४.५ मिमी वजा केले की दोन सर्वांत दूरच्या छर्‍यांच्या केंद्रांमधील अंतर मिळते. सपाट तोंडाचे छर्रे कागद स्वच्छ कापतात, म्हणून हे मोजमाप चपट्या तोंडाच्या छर्‍यांवरच करावे. टोकदार छर्‍यांनी कागद फाटतो. ज्या बॅचचा ग्रुप (पाच छिद्रांचा पुंजका) सर्वांत लहान येईल ती वापरायची.

एवढे झाले की मोजमापाचा छंद तिथेच थांबवावा, असा माझा आग्रह आहे, आणि त्याला हिशेबाचा आधार आहे. स्पर्धेच्या रायफलीचा छर्रा सुमारे ०.५३ ग्रॅम वजनाचा असतो आणि साधारण सेकंदाला १७० मीटर वेगाने निघतो. १० मीटरच्या प्रवासात तो नळीच्या रोखापासून सुमारे १७ मिमी खाली येतो. एखादा छर्रा ०.००५ ग्रॅमने, म्हणजे जवळपास एक टक्क्याने जड निघाला, तर वेग अर्ध्या टक्क्याच्या आसपास कमी होतो आणि छर्रा नेहमीपेक्षा ०.२ मिमीहूनही कमी अंतराने खाली लागतो. आता साईटचा, म्हणजे नेम धरण्यासाठी नळीवर मागे-पुढे बसवलेल्या खुणांचा हिशेब करा. मागच्या आणि पुढच्या साईटमध्ये ८०० मिमी अंतर असलेल्या रायफलीत पुढची साईट केवळ ०.१ मिमी सरकली, तर १० मीटरवर छर्रा १.२५ मिमी बाजूला जातो. आपल्या स्प्रिंग रायफलीवर हे अंतर अर्धा मीटर असेल, तर तेवढ्याच चुकीने तो २ मिमी जातो. एअर रायफलच्या टार्गेटवर मधला दहाचा ठिपका ०.५ मिमीचा आहे आणि केंद्रापासूनचे दर ०.२५ मिमी म्हणजे एक दशांश गुण. याचा अर्थ छर्‍याच्या वजनातील फरकाने एका दशांशापेक्षाही कमी गुण जातो, तर हाताच्या ०.१ मिमी चुकीने अर्धा गुण जातो. साठ फैरींच्या स्पर्धेत प्रत्येक फैरीला असा अर्धा गुण गेला, तर एकूण ३० गुणांचा खड्डा पडतो. म्हणून रिकामे तास तराजूवर घालवू नयेत. ते रायफल स्थिर धरण्यावर खर्च करावेत, आणि त्याला एकही छर्रा लागत नाही.

यालाच शूटर ड्राय प्रॅक्टिस म्हणतात: रायफल रिकामी ठेवून नेम धरायचा आणि ट्रिगर सोडायचा. पण आपल्या बाबतीत एक इशारा आधी देणे आवश्यक आहे. स्प्रिंगची रायफल ताणून छर्‍याविना कधीही सोडू नये. छर्रा असतो तेव्हा पिस्टनपुढची हवा दाबली जाऊन उशीसारखी आड येते. छर्रा नसेल तर पिस्टन थेट पुढच्या भिंतीवर आदळतो, सील फाटते आणि स्प्रिंगही लवकर जाते. हवेच्या सिलिंडरवर चालणाऱ्या स्पर्धेच्या रायफलींमध्ये ड्राय फायरची वेगळी सोय असते. आपल्या रायफलीत ती नाही. म्हणून घरी ती न ताणता केवळ उभे राहून नेम धरण्याचा सराव करावा, ट्रिगरचा सराव क्लबच्या रायफलीवर करावा. केवळ धरण्याचा सराव अपुरा वाटेल; पण सुरुवातीच्या शूटरचे गुण बहुतांशी धरण्यातच जातात, हे मी शिकवताना सतत पाहत आलो आहे.

घरात १० मीटरची सरळ जागा क्वचितच मिळते. सोप्यापासून परड्याच्या दारापर्यंत लांबच लांब गेलेल्या जुन्या घरांत ती निघते. पण सरावासाठी तिची गरज नाही. ५ मीटरवर टार्गेट लावायचे असेल तर त्याचा काळा गोल निम्मा करावा. मूळ गोल ३०.५ मिमी व्यासाचा आहे, म्हणून साधारण १५ मिमीचा गोल कागदावर काढला की पुढच्या साईटच्या रिंगमध्ये तो १० मीटरवर दिसतो तेवढाच दिसेल. इथे एक बारीक गोष्ट बहुतेकजण विसरतात. स्पर्धेत टार्गेटचे केंद्र जमिनीपासून १.४ मीटर उंचीवर असते. आपल्या डोळ्याची उंची नेम धरताना १.६ मीटर असेल, तर ५ मीटरवर टार्गेट १.५ मीटर उंचीवर लावावे, तरच रायफलीचा उतार खऱ्या रेंजसारखा राहील. सरळ १.४ वर लावले तर महिनाभर चुकीच्या कोनाची सवय लागते आणि रेंजवर गेल्यावर कंबर, मान सगळेच पुन्हा बसवावे लागते.

उभे राहण्याबद्दल थोडे विस्ताराने लिहितो, कारण या रिकाम्या दिवसांचे खरे काम तेच आहे. उजव्या हाताने ट्रिगर चालवणाऱ्याने डावी बाजू टार्गेटकडे करावी आणि पाय खांद्यांइतके किंवा किंचित अधिक फाकवावेत. डावे कोपर पोटाच्या बाजूला हवेत न ठेवता कंबरेच्या हाडावर टेकवावे. हे कोपर हाडावर टेकले आहे की बरगडीखालच्या मऊ भागात रुतले आहे, हे बोटाने चाचपून पाहावे. मऊ भागावर टेकलेला हात पहिल्या पाच मिनिटांत थरथरू लागतो. रायफलीचे वजन हाडांच्या खांबावरून पायात उतरले पाहिजे, दंडाच्या ताकदीवर ते तोलायचे नाही. स्पर्धेच्या रायफलीचे वजन ५.५ किलोपर्यंत चालते आणि साठ फैरींना, सराव फैरी वगळून, सव्वा तास मिळतो. एवढा वेळ दंडाच्या जोरावर कोणीही टिकत नाही. तालमीत तयार झालेल्या तरुणांना सुरुवातीला हेच पटत नाही, कारण त्यांना रायफल हलकी वाटते आणि ते ती ताकदीने धरून ठेवतात.

स्टान्स, म्हणजे ही उभे राहण्याची ठेवण जमली की डोळे मिटावेत, दोन श्वास सावकाश घ्यावेत आणि डोळे उघडावेत. साईट टार्गेटच्या उजवीकडे किंवा डावीकडे गेलेली दिसली, तर ती हाताने ओढून आणायची नाही. मागचा पाय जमिनीवर किंचित सरकवून संपूर्ण शरीर फिरवायचे. वरखाली गेली असेल तर हाताखालचा आधार बदलायचा. शरीराला जो रोख आपसूक मिळतो, तो टार्गेटवर आला पाहिजे. हाताने ओढून आणलेली साईट ट्रिगर दाबण्याच्या क्षणी मूळ जागी परत जाऊ पाहते आणि नेमका तोच क्षण फैरीचा असतो. दर दहा-बारा वेळा नेम धरून झाला की ही डोळे मिटण्याची चाचणी पुन्हा करावी.

नेम धरल्यावर श्वास अर्धा सोडून थांबावे. सहा ते आठ सेकंदांत साईट स्थिरावली तर पुढे जावे, नाहीतर रायफल खाली घ्यावी. ही खाली घेण्याची सवय घरीच लागते. आठ सेकंदांनंतर डोळ्याला प्राणवायू कमी पडू लागतो, काळा गोल अंधूक होतो, पण मन मात्र 'आता मारूनच टाकू' म्हणते. क्लबच्या रायफलीवर ट्रिगर सोडल्यानंतरही एक-दोन सेकंद तसेच उभे राहून साईट कुठे आहे ते पाहत राहावे. छर्रा टार्गेटपर्यंत पोहोचायला सुमारे सहा शतांश सेकंद घेतो आणि त्याआधी नळीतून बाहेर पडायलाही क्षणभर लागतो. तेवढ्यात खांदा सैल सोडला तर चांगली फैर बिघडते. स्प्रिंग रायफलीत हे अधिकच खरे आहे, कारण छर्रा नळीत असतानाच पिस्टन रायफलीला मागेपुढे हिसका देतो. म्हणून तिचा पुढचा भाग मुठीत आवळू नये, उघड्या तळव्यावर ठेवावा आणि दरवेळी तो एकाच जागी टेकवावा.

दिवसाची आखणी साधी ठेवावी. सही करून घरी परतल्यावर पाठीचे आणि मानेचे व्यायाम, मग पहिल्या आठवड्यात पंधरा मिनिटे धरण्याचा सराव आणि हळूहळू तो चाळीस मिनिटांपर्यंत न्यावा. मध्ये थकवा आला तर बसावे. थकलेल्या शरीराने केलेला सराव चुकाच पक्क्या करतो. आधी कोऱ्या भिंतीकडे पाहून रायफल धरावी, टार्गेट नंतर लावावे. टार्गेट दिसले की डोळा गोलाकडे ओढला जातो आणि साईट अस्पष्ट होते; कोऱ्या भिंतीवर मात्र साईटशिवाय पाहण्यासारखे काहीच नसते. पायाला लांब शिफ्टची सवय असल्यामुळे उभे राहणे आपल्याला इतरांपेक्षा सोपे जाईल. पाठीला मात्र हा नवा बाक आहे. कमरेत दुखू लागले तर त्या दिवशी तिथेच थांबावे.

सोबत एक वही ठेवावी. तीत गुण लिहू नयेत. साईट किती सेकंदांनी स्थिरावली, कोणत्या बाजूला सरकत होती, किती वेळा रायफल खाली घेतली आणि रेंजवर फैर झाल्यानंतर टार्गेटकडे पाहण्याआधी ती कुठे गेली असे वाटले, एवढेच लिहावे. या शेवटच्या नोंदीला शूटर कॉल म्हणतात. कॉल आणि प्रत्यक्ष छिद्र जुळू लागले की आपण साईट खरोखर पाहत आहोत, हे कळते. आपला कॉल सतत मधोमध येत असेल आणि ग्रुप मात्र दरवेळी एकाच बाजूला पडत असेल, तर दोष साईटच्या सेटिंगचा आहे. कॉल आणि छिद्र यांतला फरक दरवेळी वेगळ्या बाजूला येत असेल तर सेटिंगला हात लावू नये.

घरात छर्रे मारायचे असतील, तर सुरक्षिततेची व्यवस्था पूर्ण झाल्याशिवाय एकही मारू नये. टार्गेटमागे जाड लाकडी खोके घेऊन त्यात जुन्या कपड्यांचे तुकडे ठासून भरावेत आणि खोक्याच्या पाठीला पोलादी पत्रा लावावा. नुसता सरळ उभा पत्रा कधीही वापरू नये, छर्रा उलटून परत येतो. वेल्डिंग येत असेल तर ४५ अंशांत खाली झुकलेला पत्रा असलेला सापळा शॉपमधल्या माणसाला सहज करता येईल. नेमाच्या रेषेत उघडणारे प्रत्येक दार आतून कडी लावून बंद असावे आणि डोळ्यांवर गॉगल असावा. नळी मोडून छर्रा बसवताना दुसऱ्या हाताने नळी घट्ट धरून ठेवावी, कारण ट्रिगर चुकून सुटला तर ती बोटांवर मिटते. ताणलेली रायफल कोपऱ्यात टेकवून ठेवू नये. गच्चीवर सराव करू नये, आणि पक्ष्यांवर तर नेम धरूच नये. रानपक्षी मारणे हा वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार गुन्हा आहे.

छर्रे शिशाचे असतात, याकडे फार दुर्लक्ष होते. सराव झाल्यावर साबणाने हात धुवावेत, छर्रे तोंडात धरू नयेत, सरावाच्या जागी चहा-नाश्ता करू नये. सापळ्यातला शिशाचा चुरा झाडूने झाडला तर तो हवेत उडतो; ओल्या फडक्याने पुसून ते फडके वेगळे ठेवावे. घरात लहान मुले असतील तर ही खबरदारी दुपटीने घ्यावी.

खर्चाबद्दल आपण विचारले नाही, पण निम्म्या पगारात तो प्रश्न असणारच. या काळात नवी रायफल, कॅनव्हासचे जाकीट, महागडे बूट यांपैकी काहीही घेऊ नये. ४.५ मिमी नळीच्या आणि २० ज्युलपेक्षा कमी शक्तीच्या एअर रायफलीला परवाना लागत नाही, पण दुकानदार ओळखपत्र घेऊन नोंद करतो. आपल्या रायफलीची पावती असेल तर ती जपून ठेवावी. पॉइंट टू-टू स्वतःची घ्यायची तर परवाना लागतो, आणि तो विचार नोकरी पूर्ववत झाल्यावर करावा. कोल्हापुरातील दुधाळीच्या रेंजवर एकदा जाऊन पाहावे, क्लबच्या रायफलीवर आठवड्यातून एक-दोनदा सराव करता येईल का आणि फी हप्त्याने चालेल का, हे मोकळेपणाने विचारावे. परिस्थिती सांगण्यात संकोच करू नये. खेळाडू घडवणाऱ्या माणसांना ती कळते. क्लबची सिलिंडरवाली रायफल हातात घेतली तर सिलिंडरवरची मुदतीची तारीख आधी पाहावी. २०० बारपर्यंतचा दाब आत असतो आणि मुदत संपलेला सिलिंडर भरणे धोक्याचे आहे.

पावसाळ्यात कोल्हापूरची हवा रायफलीला मानवत नाही. बाहेरून तेलाचे बोट फिरवलेले फडके रोज फिरवावे, नळीत मात्र तेल सोडू नये. स्प्रिंग रायफलीत ते पिस्टनपुढे जाऊन दाबाने पेटते, आवाज मोठा होतो आणि सील खराब होते. रायफल कव्हरमध्ये बंद करून ठेवल्यास आतल्या ओलीने गंज चढतो, म्हणून ती कुलपाच्या कपाटात उघडी ठेवावी.

कंपनीचे बोलावणे आले आणि पुन्हा तीन पाळ्या सुरू झाल्या, तर चाळीस मिनिटे रोज मिळणार नाहीत. तेव्हा कोऱ्या भिंतीकडे पाहून रायफल धरण्याची पंधरा मिनिटे आणि डोळे मिटण्याची चाचणी एवढे दोनच भाग चालू ठेवावेत. बाकीचे रेंजच्या दिवशी होते. रात्रपाळी करून आल्यावर लगेच रायफल घेऊ नये, आधी झोप पूर्ण करावी.